लिनक्सवरचे ध्वनिमुद्रण आणि डेस्कटॉपचे ओझे

संगणकावर आवाज तुकड्यातुकड्यांनी मुद्रित होतो. साउंड कार्ड सेकंदाला 48,000 नमुने घेते आणि बफर नावाच्या छोट्या साठ्यात टाकते. साठा भरला की तो उचलून नेण्याचे काम मुद्रणाच्या प्रोग्रामचे. 1,024 नमुन्यांचा साठा भरायला सुमारे 21 मिलिसेकंद लागतात, 64 नमुन्यांचा 1.3 मिलिसेकंदांतच भरतो. तेवढ्या अवधीत प्रोग्रामच्या वाट्याला प्रोसेसर आला नाही, तर पुढचे नमुने वाया जातात. ऐकताना मध्येच ‘टक्’ असे वाजते किंवा शब्दाचा तुकडा गळालेला असतो. या प्रकाराला जाणकार ‘एक्सरन’ म्हणतात. हजार वेळा वेळेवर येऊन एकदा चुकणारे यंत्र इथे कामाचे नाही, मग ते एरवी कितीही चपळ असो.

लिनक्सवर आवाजाची सोय 1992 मध्ये फिनलंडच्या हान्नू सावोलाइनेन यांनी लिहिलेल्या ड्रायव्हरपासून सुरू होते. त्यातूनच पुढे ‘ओपन साउंड सिस्टिम’ उभी राहिली. तिच्यात साउंड कार्ड सहसा एका वेळी एकाच प्रोग्रामच्या हाती असे. 1996 मध्ये केडीई आणि 1997 मध्ये ग्नोम या डेस्कटॉपांची घोषणा झाली. खिडकी उघडताना, निरोप येताना छोटे आवाज हवेत म्हणून केडीईने ‘आर्ट्स’ आणि ग्नोमने ‘ईएसडी’ हे आवाजाचे मध्यस्थ आणले. हे मध्यस्थ साउंड कार्ड अडवून बसत. मुद्रण सुरू करायचे तर आधी त्यांना हाकलावे लागे, आणि डेस्कटॉप म्हणजे ध्वनिमुद्रणाची अडचण ही समजूत इथूनच रुजली. ती पुरती खोटी नव्हती, पण अर्धीच खरी होती.

उरलेला दोष लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा होता. 1999 च्या सुमारास बेनो सेनोनर यांनी विलंब मोजणारी एक चाचणी तयार केली. आवाज चालू ठेवून ती पडद्यावर चित्रे काढायला लावी, डिस्कवर लिही, वाची, फायलींच्या नकला करी आणि कोणत्या कामाने आवाज अडतो ते टिपून ठेवी. त्या वेळचे कर्नेल एखाद्या लांबलचक कामात शिरले की ते संपेपर्यंत मागे वळत नसे. हा काळ कित्येकदा दहा-दहा मिलिसेकंदांच्या घरात जाई. इंगो मोल्नार आणि अँड्र्यू मॉर्टन यांनी या लांब कामांमध्ये थांबे घालणारे पॅच लिहिले. डिसेंबर 2003 मधल्या 2.6 कर्नेलमध्ये मधेच हातचे काम सोडण्याची सोय आली. त्याच कर्नेलबरोबर जारोस्लाव्ह किसेला यांनी सुरू केलेली ‘अल्सा’ ही नवी ध्वनिव्यवस्थाही रूढ झाली. पॉल डेव्हिस यांचे ‘जॅक’ हा आवाजाचा मध्यस्थ आणि ‘आर्डर’ हा मुद्रणाचा प्रोग्राम याच काळातले. जॅकमुळे अनेक प्रोग्राम एकाच तालावर बांधले गेले, आणि लिनक्सवर स्टुडिओचे काम करता येईल असे पहिल्यांदा गंभीरपणे बोलले जाऊ लागले.

डेस्कटॉपची निवड मुद्रणावर थेट कशी परिणाम करते याचे उदाहरण महाराष्ट्रातही दाखवता येते. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखाली ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे सुमारे दहा मिनिटांचे पाठ, मूळ इंग्रजीत आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज चढवलेले, असे त्याचे रूप. लिनक्सवर पडदा टिपायला ‘रेकॉर्डमायडेस्कटॉप’ आणि आवाजासाठी ‘ऑडासिटी’ ही त्याची साधने. रेकॉर्डमायडेस्कटॉप हुशारीने पडद्याचा बदललेला भागच तेवढा टिपत असे. पण 2006 नंतर ‘कॉम्पिझ’ची लाट आली: डुलणाऱ्या खिडक्या, फिरणारा घन. कॉम्पिझ चालू दिसले की रेकॉर्डमायडेस्कटॉप हात टेकून दर चौकटीला अख्खा पडदा टिपू लागे. प्रोसेसर त्यातच गुंतला की आवाजाच्या वाट्याला उरलेसुरलेच येई. शोभेसाठी मोजलेली ही किंमत फार होती, आणि साधा डेस्कटॉप वापरणाऱ्याला ती कधी मोजावी लागली नाही.

‘पल्सऑडिओ’ हा आवाजाचा नवा मध्यस्थ 2007 च्या फेडोरा 8 मधून आणि 2008 च्या उबुंटू 8.04 मधून घरोघर गेला. गाणी ऐकायला तो सोयीचा, पण जॅकशी त्याचे कार्डावरून भांडण चाले. 2008 मध्येच आलेल्या केडीई 4 ने फायली धुंडाळून सूची करणारी यंत्रणाही आणली. मुद्रण चालू असताना ती डिस्क खरवडू लागली की संथ हार्डडिस्कचे हाल होत. ध्वनी-चित्राच्या कामासाठी बनवलेल्या ‘उबुंटू स्टुडिओ’ने 2011 मध्ये एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप धरला. गंमत अशी की 2020 मध्ये हेच मंडळ केडीईच्या प्लाझ्माकडे वळले, कारण तोवर प्लाझ्माची स्मृतीची भूक एक्सएफसीईच्या जवळपास आली होती.

विम टायमन्स यांचे ‘पाइपवायर’ 2021 मध्ये फेडोरा 34 पासून मूळ व्यवस्था झाले आणि पल्सऑडिओ व जॅक यांचे काम एकाच छत्राखाली आले. मोल्नार यांनी 2004 मध्ये हाती घेतलेले रिअल-टाइम पॅचचे काम नोव्हेंबर 2024 च्या 6.12 कर्नेलमध्ये मुख्य प्रवाहात मिळाले. मध्ये वीस वर्षे गेली. आता डेस्कटॉपच्या नावापेक्षा प्रोसेसरचा वीजबचतीचा वेग, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आणि मागे चालणारी सूची यांकडे आधी पाहावे लागते. जुन्या, दोन-चार जीबी स्मृतीच्या लॅपटॉपवर मात्र एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी अजूनही उपयोगी पडतात, कारण स्मृती संपून डिस्कचा आधार घेतला की आवाज तुटतोच.

कोणते काम करायचे यावरही बरेच ठरते. गायकाला कानात स्वतःचा आवाज ऐकत गायचे असेल तर दहा मिलिसेकंदांहून जास्त विलंब खटकू लागतो, म्हणून बफर लहान आणि यंत्रावरचा ताण मोठा. बोलीचे मुद्रण करणाऱ्याला हा जाच नाही. उदाहरणार्थ, धुळे–सुरत महामार्गावर कोंडाईबारी घाट उतरल्यावर लागणाऱ्या विसरवाडीच्या परिसरात मावची, कोकणी, अहिराणी आणि गुजराती कानावर पडतात. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1907 मधल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात मावची आणि खानदेशी यांचे नमुने आहेत, पण ते कागदावरचे. उच्चार कसा होता ते लिपीवरून जेवढे कळेल तेवढेच. अशा बोलीत कोणी गोष्ट सांगत असेल, तर ती टिपणारा 1,024 किंवा 2,048 नमुन्यांचा बफर निर्धास्त ठेवू शकतो: सांगणारा स्वतःचा आवाज संगणकातून ऐकत नसतो, त्यामुळे उशीर कोणाच्या लक्षात येत नाही. साध्या डेस्कटॉपवर, वायफाय आणि सूची बंद करून, 48 किलोहर्ट्झवर एवढे काम दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही न अडखळता करतो.