कोड, कुष्ठ आणि बावची



मराठीत 'कोड' म्हटलं की तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. एक कोडकौतुकातलं कोड. दुसरा, आपल्यापैकी निम्मे लोक ऑफिसात बसून लिहितात तो कोड (आला इंग्रजीतून, पण आता घरचाच झालाय). आणि तिसरं, ज्याचं नाव घेताना घरातल्या मोठ्यांचा आवाज अजूनही आपोआप खाली येतो ते, अंगावरचं पांढरं कोड. आजचं लिखाण या तिसऱ्याबद्दल आहे.

या शब्दाचं मूळ संस्कृत 'कुष्ठ'. प्राकृतात त्याचं 'कोढ' झालं. हिंदीने तो शब्द महारोगासाठी ठेवला, मराठीने पांढऱ्या डागांसाठी. म्हणजे दिल्लीचा माणूस 'कोढ' म्हणतो आणि साताऱ्याचा 'कोड' म्हणतो तेव्हा दोघं दोन साफ निराळ्या आजारांबद्दल बोलत असतात, भीती मात्र एकच. निम्मा घोटाळा या शब्दानेच केला असं माझं मत आहे. महारोग जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हान्सेनने तो जंतू १८७३ मध्ये शोधला. महारोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळेनासा होतो. कोडाला जंतू नाही, ते कुणापासून कुणाला लागत नाही, आणि डागावर टाचणी टोचली तर बाकीच्या कातडीइतकीच टोचते. तिथली फक्त रंग बनवणारी पेशी, मेलॅनोसाइट, नाहीशी झालेली असते.

जुन्या लोकांना हा फरक कळत नव्हता असं मात्र नाही. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात 'किलास' म्हणजे पांढरे डाग जावेत म्हणून काळ्या वनस्पतीची आळवणी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात लग्नासाठी कुठली घराणी टाळावीत याची यादी आहे, तिच्यात 'श्वित्री' आणि 'कुष्ठी' असे दोन वेगळे शब्द आहेत. फरक कळला होता हो, पण उपयोग काय? दोन्ही घरांतल्या मुली नकोच! चरकाने किलासाची कारणं दिली आहेत तीही वाचण्यासारखी आहेत: खोटं बोलणं, कृतघ्नपणा, देवांची निंदा, गुरूंचा अपमान, पाप, पूर्वजन्मीचं कर्म, आणि शेवटी विरुद्ध आहार. म्हणजे डाग आधीच दिसतोय, त्यावर चारित्र्याचा दाखलाही जोडून मिळाला.

या यादीतलं शेवटचं कलम आपल्या घरांत अजून जिवंत आहे. आईच्या नात्यातल्या माझ्या एका मावशीला विशीत कोड आलं. 'मासे आणि दूध एकत्र खाल्लं असेल' असं निदान शेजारणीने केलं, ज्या घराच्या उंबरठ्याच्या आत मासा कधी आलाच नव्हता! मावशी उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचं पोलकं घालायची. तिचं लग्न झालं नाहीच, पण तिच्या धाकट्या बहिणीला एकही डाग नसताना दोन ठिकाणी होकार येऊन मग 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला. पुढे चाळिशीत मावशीला थायरॉइडची गोळी सुरू झाली, सकाळी उपाशीपोटी. तिची मात्र सगळ्यांसमोर चर्चा व्हायची, वजन किती वाढलं वगैरे. हे दोन्ही आजार एकाच कुळातले आहेत हे घरात कुणाच्या गावीही नव्हतं.

ते कुळ म्हणजे ऑटोइम्यून, मराठीत स्वयंप्रतिकार. शरीराचं रक्षण करणारी फौज घरच्याच माणसाला शत्रू समजते. थायरॉइडवर हल्ला झाला तर हाशिमोटोचा आजार, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर झाला तर टाइप १ मधुमेह, सांध्यांवर झाला तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात, मेलॅनोसाइटवर झाला तर कोड. ल्यूपस तर एकाच वेळी कातडी, सांधे, मूत्रपिंड असं मिळेल त्यावर तुटून पडतो. आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर २०१० साली एका नामांकित अँटिव्हायरसच्या अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक फाइल व्हायरस समजून उचलून बाजूला ठेवली आणि जगभरातली मशिनं बंद पडली. तसंच हे. फरक एवढाच की इथे दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा पॅच येत नाही.

वैद्यकाला ही कल्पना पटायला मात्र अर्धं शतक लागलं. १९०१ च्या सुमारास पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 'हॉरर ऑटोटॉक्सिकस' असा शब्दप्रयोग केला: शरीराला स्वतःवर विष सोडण्याचं भय असतं, म्हणून ते तसं करत नाही. एवढ्या मोठ्या माणसाने म्हटल्यावर वाद कोण घालणार? १९०४ मध्ये व्हिएन्नात डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारा पदार्थ एका आजारात दाखवला, पण तो अपवाद म्हणून फाइलबंद झाला. १९१२ मध्ये जपानच्या हाकारू हाशिमोटोने चार स्त्रियांच्या सुजलेल्या थायरॉइडमध्ये पांढऱ्या पेशींची गर्दी पाहून तसा निबंध लिहिला. ती गर्दी तिथे का, हे विचारायला पुढची चाळीसेक वर्षं गेली. मग अमेरिकेत बफेलोला नोएल रोझ या तरुणाने सशाला त्याच्याच थायरॉइडचा अर्क टोचला, आणि सशाने स्वतःची थायरॉइड पोखरून टाकली. त्याचे वरिष्ठ विटेब्स्की हे एर्लिखच्याच गुरुपरंपरेतले, त्यांचा विश्वास बसेना. निबंध शेवटी १९५६ मध्ये बाहेर आला. त्याच वर्षी लंडनला रॉइट, डोनियाक आणि सहकाऱ्यांनी हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं दाखवली. म्हणजे मावशीच्या सकाळच्या गोळीचा आजार या कुळातला पहिला मान्यवर सभासद!

कोडाची पाळी उशिरा आली. येल विद्यापीठात एरन लर्नर या त्वचातज्ज्ञाला कोडाचं कारण हवं होतं. पिनिअल ग्रंथीच्या अर्काने बेडकाच्या पिल्लांची कातडी फिकी होते असं १९१७ पासून माहीत होतं, म्हणून त्याने गाईबैलांच्या हजारो पिनिअल ग्रंथी जमवून तो पदार्थ वेगळा काढला आणि १९५८ मध्ये त्याला मेलाटोनिन असं नाव दिलं. कोडाशी त्याचा काही संबंध निघाला नाही. पण आपण मुंबईहून, नाहीतर सॅन फ्रान्सिस्कोहून येऊन झोप लागावी म्हणून जी गोळी घेतो ती हीच :-)

पुढे १९८३ मध्ये कोडाच्या रुग्णांच्या रक्तात मेलॅनोसाइटविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. तरी प्रश्न राहिला की ती हल्लेखोर आहेत की हल्ल्यानंतर जमलेले बघे? २००९ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या गटाने डागाच्या कडेच्या कातडीतल्या टी-पेशी काढल्या आणि त्याच माणसाच्या निरोगी कातडीच्या तुकड्याबरोबर ठेवल्या. टी-पेशींनी तिथल्या मेलॅनोसाइट मारल्या. एर्लिखला जे भय वाटत होतं ते प्रयोगशाळेच्या बशीत समोर घडलं.

आता बावची. कोडावरचं आपल्याकडचं जुनं औषध, संस्कृतात वाकुची किंवा बाकुची. तिच्या बियांतून सोरालेन हे द्रव्य १९३३ मध्ये जोइस, मंजुनाथ आणि वेंकटराव या आपल्याकडच्या रसायनशास्त्रज्ञांनी वेगळं काढलं. बी लावायची आणि उन्हात बसायचं, ही जुनी रीत. १९४०च्या दशकात कैरोच्या एल मोफ्ती यांनी नाईलकाठच्या एका वेगळ्याच झाडातलं याच जातीचं द्रव्य वापरून तोच उपचार आधुनिक वैद्यकात आणला. १९७४ मध्ये अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर नेमकेपणाने वापरली गेली, तिचं नाव पुवा. गंमत अशी की हजारो वर्षं लोकांना वाटलं बावची कातडी रंगवते. प्रत्यक्षात सोरालेन पेशीच्या डीएनएमध्ये घुसतं, प्रकाश पडला की तिथे घट्ट चिकटतं आणि हल्लेखोर टी-पेशींना थंड करतं. रंग परत येतो तो केसांच्या मुळाशी दडून वाचलेल्या पेशींमधून, म्हणून आधी केसाभोवती ठिपके दिसतात. ओठ आणि बोटांची टोकं, जिथे केस नाहीत, तिथे यश कमी.

हीच बी आपल्या सिंगापुरातही आहे. चायनाटाऊनमध्ये एखाद्या जुन्या मेडिकल हॉलमध्ये 'बू गू झी' मागा, काळसर, मुगापेक्षा लहान बिया मिळतील. त्या चिनी अक्षरांचा अर्थ हाडं भरून काढण्याशी जोडलेला आहे, पण नाव मुळात चिनी नाहीच. जुने चिनी ग्रंथच ते परदेशी सांगतात, आणि बर्थोल्ड लाउफर या विद्वानाने १९१९ च्या ग्रंथात ते आपल्या 'वाकुची'चंच रूप आहे असं दाखवलं. चिनी औषधग्रंथांत एक हकिकत आहे: सन ८१२ मध्ये दक्षिण चीनच्या एका पंचाहत्तर वर्षांच्या, दमट हवेने खंगलेल्या सुभेदाराला हेलिंग म्हणजे जावाकडच्या राज्यातल्या ली मोहे नावाच्या जहाजमालकाने हे औषध आणि त्याची कृती दिली. म्हणजे आपली बावची बाराशे वर्षांपूर्वी याच समुद्रातून पुढे गेली, नाव वाटेत घासत घासत. (दमट हवेने खंगलेला माणूस ही व्यथा इथे नव्याने आलेल्या कुणालाही कळेल.)

मात्र बिया आणून घरी प्रयोग करू नका, हे कळकळीने सांगतो. बावची लावून विषुववृत्ताच्या उन्हात बसलात तर भाजून फोड येतात, आणि पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डागावर मेलॅनिन नसतं, त्यामुळे इथलं दुपारचं ऊन त्याला तसंही पोळतं, आणि भोवतालची कातडी रापली की डाग जास्तच उठून दिसतो. इथे मँडले रोडवर नॅशनल स्किन सेंटर आहे, १९८८ पासूनचं. हल्ली पुवापेक्षा ३११ नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण वापरतात, गोळी न घेता. २०२२ च्या जुलैत अमेरिकेत रक्सोलिटिनिबचं मलम मंजूर झालं, रंग परत आणण्यासाठी तिथे मान्यता मिळालेलं कोडावरचं पहिलंच औषध. ते टी-पेशींचा निरोप पुढे जाण्याआधीच अडवतं. उपचार थांबवले की डाग बऱ्याचदा त्याच जागी परत येतो, कारण आठवण धरून बसलेल्या टी-पेशी कातडीतच मुक्काम करून असतात.

राहिला मनूचा प्रश्न, जो इथल्या फ्लॅटमधून भारतात होणाऱ्या स्थळांच्या फोनवरही येतो: 'घराण्यात कुणाला आहे का?' आकडे असे आहेत. जगात शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी लोकांना कोड असतं. सख्ख्या भावंडांत, मुलांत पाश्चात्त्य पाहण्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास भरतं. आणि अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला असताना दुसऱ्याला असण्याचं प्रमाण २००३ च्या पाहणीत फक्त २३ टक्के निघालं, म्हणजे जनुकं तीच असूनही चारातल्या तिघांना नाही. मावशीच्या धाकट्या बहिणीला ज्यांनी नाकारलं त्यांना हा हिशेब दाखवून काही फरक पडला असता की नाही, कोण जाणे. थायरॉइडची गोळी चालू असलेल्या मुलीची स्थळं मात्र कुणी परत पाठवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांची 'श्वेता असोसिएशन' कोड असलेल्या लोकांना एकत्र आणते, त्यांचे वधूवर मेळावेही भरवते. आणि सुमित्रा भावे, सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा २००६ चा चित्रपट आहे. देविका दफ्तरदारने त्यात कोड असलेली डॉक्टर रंगवली आहे. तिच्याशी लग्न करू पाहणारा मुलगा तिला घरी घेऊन येतो आणि त्या चांगल्या शिकलेल्या, सुसंस्कृत घरातला एकेक माणूस कसा बोलू लागतो, ते पाहण्यासारखं आहे. पाहिला नसेल तर जरूर पाहा, शक्यतो आईवडील इथे आलेले असताना.