मैद्याची खळ आणि एमरी डग्लस

“आपले लोक चित्रं बघायला येत नाहीत.” चित्रं काढणाऱ्या आपल्या पोरांचं हे ठरलेलं रडगाणं. हॉल भाड्यानं घ्यायचा, फ्रेमा करायच्या, पत्रिका छापायच्या, उद्घाटनाला एखादा प्रोफेसर आणायचा. मग दोन दिवस रिकाम्या खुर्च्या मोजत बसायचं आणि संध्याकाळी चहा ढोसताना समाजाच्या नावानं खडे फोडायचे. म्हणे समाज अडाणी, समाजाला कलेची जाण नाय!

मित्रांनो, जो माणूस सकाळी सातच्या पाळीला खात्यात उभा राहतो, जी बाई चार घरची धुणीभांडी करून दिवेलागणीला घरी येते, त्यांनी तुमच्या हॉलवर कशासाठी यायचं? चप्पल बाहेर काढायची की घालून जायचं हे जिथं कळत नाय, तिथं आपला माणूस उंबऱ्यावरनंच परत फिरतो. ज्यांच्या बापजाद्यांना कायम दाराबाहेर उभं केलं, त्यांना उघडं दार दिसलं तरी आत जायची छाती होत नाही. यात अडाणीपणा कुठून आला?

हाच पेच अमेरिकेतल्या एका काळ्या पोरापुढं होता. त्यानं काय केलं ते सांगतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ती ज्यांच्यावरून नाव घेऊन, ती ब्लॅक पँथर पार्टी. ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील ही नावं आपल्या पोरांना पाठ आहेत. काळी जाकिटं, टोप्या, बंदुका, सगळं पाठ. पण त्या पार्टीचा चित्रकार कोण असं विचारा, बहुतेकजण गप्प बसतील. त्याचं नाव एमरी डग्लस.

जन्म १९४३ चा, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सचा. लहानपणी दम्याचा त्रास, आई त्याला घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला आली. पुढं पोरगा पोलिसांच्या हाती लागला आणि पोरांच्या तुरुंगात गेला. तिथं त्याला काम दिलं छापखान्यात. शाई, कागद, मशीन यांची पहिली ओळख ती. सुटल्यावर सिटी कॉलेजात कमर्शियल आर्ट शिकला, म्हंजे जाहिरातीची चित्रकला. साबण कसा खपवायचा, रस्त्यानं जाणाऱ्याची नजर कशी अडवायची, याची विद्या. मोठे कलावंत या विद्येला नाकं मुरडतात. एमरीनं नाक मुरडलं नाही. मालकाचा साबण काढून टाकला आणि तिथं आपली माणसं बसवली.

ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंड शहरात पार्टी निघाली. १ एप्रिल १९६७ ला जवळच्याच रिचमंड भागात डेन्झिल डॉवेल या २२ वर्षांच्या काळ्या तरुणाला पोलिसांनी गोळी घालून मारलं. त्याला का मारलं, हे विचारायला पार्टीनं २५ एप्रिलला आपल्या पेपरचा पहिला अंक काढला. कशावर काढला माहीत आहे? सायक्लोस्टाइलवर. तुमच्या हातात आत्ता जो अंक आहे ना, तसाच तो.

त्या अंकाची जुळवाजुळव चालू होती तेव्हा एमरी तिथं होता. बॉबी सील टाइपरायटर आणि मार्कर घेऊन मांडणीशी झटापट करत होता. एमरी म्हणाला, माझ्याकडं सामान आहे, आणतो. चालत घरी गेला, सामान घेऊन परत आला. तोवर अंक जवळपास उरकला होता. पण पुढच्या अंकापासून चित्राचं खातं त्याच्या ताब्यात आलं. नंतर पार्टीनं त्याला सांस्कृतिक मंत्रीच केलं. बघा, मंत्रिपद चित्रकाराला!

आता त्याची रीत बघू. ओकलंडच्या वस्तीतली पुष्कळ माणसं वाचणारी नव्हती. बघून, ऐकून, करून शिकणारी होती, जशी आपली आहेत. म्हणून चित्र असं काढायचं की मजकूर वाचला नाय तरी गोष्ट कळली पाहिजे. ह्यूई आणि बॉबीनं त्याला एका डुकराचं चित्र दिलं आणि सांगितलं, वस्तीत त्रास देणाऱ्या पोलिसाचा बिल्ला नंबर यावर टाकायचा. एमरीनं डुकराला मागच्या दोन पायांवर उभं केलं, अंगात पोलिसाचा ड्रेस घातला, भोवती माश्या सोडल्या. खलास! ज्या पोलिसाला बघून पोरं गल्लीबोळात पळायची, त्याच्याकडं बघून वस्ती हसायला लागली. भीती गेली की माणूस दुसरं चित्र बघायला आपसूक थांबतो. पुढचा अंक कधी येणार म्हणून विचारतो.

दुसरी गोष्ट पैशाची. रंगीत छपाई परवडायची नाही. म्हणून काळा आणि सोबत आणखी एक रंग. जाड बाह्यरेषा, लाकडावर कोरल्यासारख्या. राखाडी छटा पाहिजे तिथं ठिपक्यांचे तयार कागद कापून चिकटवायचे. फोटो कात्रीनं कापून चित्रात बसवायचे. ही गरिबीची युक्ती होती, पण तिच्यामुळं चित्र लांबून ओळखू यायला लागलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जागा. पेपरचं शेवटचं पान म्हणजे अख्खं पोस्टर. पंचवीस सेंटला पेपर घ्या, वाचा, शेवटचं पान काढा आणि घरात लावा. शिवाय सुटी पोस्टरं छापून, पिठाच्या खळीनं वस्तीतल्या भिंतींवर डकवायची. एमरी वस्तीलाच गॅलरी मानायचा. तिकीट नाय, पत्रिका नाय, उद्घाटन नाय. माणूस कामावर जाताना बघणार, येताना बघणार, इच्छा नसली तरी बघणार.

पण भिंतीवर कागद डकवला म्हणून कुणी थांबत नाय. सिनेमाची पोस्टरंही डकवलेली असतातच. एमरीच्या चित्रासमोर लोक थांबले, कारण त्यात ते स्वतः होते. गळकी घरं, उंदीर, थकलेली आई, पाठीवर बंदूक आणि कडेवर पोर घेतलेली बाई. पुढं १९६९ पासून पार्टीनं पोरांना सकाळची फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली, वाणसामान वाटलं, १९७३ मध्ये बॉबी सील ओकलंडच्या महापौरपदाला उभा राहिला आणि पडला. तेव्हाची चित्रं बघा. बंदुका कमी झाल्या, किराण्याच्या पिशव्या आल्या, हसणारी पोरं आली. आपल्या पोरांना बंदुकीचीच चित्रं आवडतात, टी-शर्टावर बरी दिसतात. मला पिशवी घेतलेल्या बायांची चित्रं जास्त धाडसाची वाटतात. कारण उपाशी माणसाला देखणं काढायला जिगर लागते.

हे सगळं एकट्या चित्रकाराच्या जिवावर झालं असं समजू नका. पेपर रस्त्यावर उभं राहून विकणारी पोरंपोरी होती. खपाचं काम सांभाळणारा सॅम नेपियर होता. त्याला १९७१ मध्ये न्यूयॉर्कला पार्टीतल्या फाटाफुटीत ठार मारलं. सरकारी गुप्तहेर खातं पेपर बंद पाडायला टपलेलं होतं. आणि तरी एका काळात आठवड्याला लाखाच्या वर प्रती जात होत्या. जगातली कुठली गॅलरी आठवड्याला लाख माणसं आणते?

आपल्याकडं हे काम गाण्यानं केलं. भीमराव कर्डकांचा जलसा हॉलमध्ये बसून लोकांची वाट बघत नव्हता. लोकांना तमाशाची गोडी होती, तोच बाज घेऊन जलसा त्यांच्या वस्तीत गेला आणि आत बाबासाहेबांचा विचार भरला. म्हंजे वाट आपल्याला नवी नाय. चित्रकारांनी ती धरली नाही, एवढंच.

“हा प्रचार झाला, कला कुठंय?” असं विचारणारे भेटतील. त्यांना एवढंच सांगा की २००७ साली लॉस एंजेलिसच्या आणि २००९ साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयानं हीच पोस्टरं काचेआड लावली आणि शहाणीसुरती माणसं ती बघायला गेली. पार्टीचा पेपर तर १९८० सालीच बंद पडला होता. एमरी नंतर सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘सन-रिपोर्टर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्रात काम करत राहिला. संग्रहालयाला सुचायच्या तीसपस्तीस वर्षं आधी ओकलंडच्या बायाबापड्यांनी ती चित्रं आपल्या स्वयंपाकघरात लावली होती.

ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी खळीची कृती देतो. मैदा गार पाण्यात कालवून घ्यायचा, गुठळी ठेवायची नाय. मग मंद आचेवर ढवळत राहायचं, काचेसारखी चमक आली की उतरवायचं. चिमूटभर मोरचूद टाकायचं, म्हंजे झुरळं कागद खात नाहीत. ते विषारी असतं, पोरांच्या हाताला लागू द्यायचं नाही. आधी भिंतीला ब्रश, मग कागद, मग कागदावरून परत एक हात. दोघांनी जावं, एकानं बादली धरावी.