स्वच्छ खोलीतील आजार : दक्षिण कोरियातील अर्धवाहक उद्योग आणि पुराव्याचा प्रश्न

प्रस्तावना

औद्योगिक अपघात म्हटला की स्फोट, आग, यंत्रात सापडलेला हात अशी दृश्ये डोळ्यांसमोर येतात. अपघाताला वेळ असते, स्थळ असते आणि बहुधा साक्षीदारही असतात. कामगार नुकसानभरपाईचे कायदे मुख्यतः अशाच घटना समोर ठेवून घडत गेले. इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातही असे अपघात झाले आहेत. २० मे २०११ रोजी चीनमधील चेंगडू येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या भुकटीचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले, तेव्हा कारणाचा शोध लागण्यास फार काळ लागला नाही. परंतु जो आजार शरीरात वर्षानुवर्षे दबा धरून बसतो आणि पुष्कळदा नोकरी सुटल्यानंतर प्रकट होतो, तो कामामुळेच झाला हे कोणी सिद्ध करावयाचे? प्रस्तुत लेखात सॅमसंग कंपनीच्या दक्षिण कोरियातील कारखान्यांच्या संदर्भात २००७ ते २०१८ या काळात लढल्या गेलेल्या संघर्षाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

पार्श्वभूमी

अर्धवाहक चिप ज्या दालनात तयार होते त्यास 'क्लीन रूम' म्हणतात. तेथील कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखात असतो. हा पोशाख कामगाराच्या रक्षणासाठी आहे असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. वस्तुतः माणसाच्या त्वचेवरील व केसांतील कणांपासून चिपचे रक्षण व्हावे, हा त्याचा मूळ हेतू. हवेतील धूलिकण गाळले जातात, पण तीच हवा मोठ्या प्रमाणात पुन्हा दालनात फिरवली जाते आणि धूळ गाळणारी चाळणी द्रावकांच्या वाफा अडवीलच असे नाही. 'स्वच्छ' हे विशेषण येथे मालाला उद्देशून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील इतिहास समजणे सोपे जाते.

कॅलिफोर्नियातील सॅन होजे परिसरात १९८० च्या दशकाच्या प्रारंभी फेअरचाइल्ड कंपनीच्या भूमिगत टाकीतून द्रावक झिरपून पिण्याचे पाणी दूषित झाल्याचे उघडकीस आले आणि 'बिनधुराड्याचा उद्योग' ही या व्यवसायाची ख्याती डागाळली. त्याच शहरात आयबीएमच्या दोन माजी कामगारांनी कर्करोगासंबंधी दाखल केलेल्या खटल्यात फेब्रुवारी २००४ मध्ये ज्यूरीने कंपनीच्या बाजूने निर्णय दिला. कंपनीच्याच मृत्युनोंदींवर आधारलेले विश्लेषण ज्यूरीपुढे येऊ शकले नाही. ते २००६ मध्ये शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. तैवानमधील ताओयुआन येथे आरसीए कंपनीचा कारखाना १९७० ते १९९२ पर्यंत चालला. तेथील भूजल दूषित झाल्याचे १९९४ मध्ये उजेडात आले, परंतु कामगारांच्या बाजूने जिल्हा न्यायालयाचा निकाल लागण्यास २०१५ साल उजाडले.

गीहंगचा कारखाना

ह्वांग यू-मी ही सोकचो या किनारपट्टीवरील शहरातील टॅक्सीचालकाची मुलगी. शालेय शिक्षण संपता संपताच, २००३ मध्ये, ती सॅमसंगच्या गीहंग येथील कारखान्यात रुजू झाली. सिलिकॉनच्या चकत्या रसायनांत बुडवून काढणे हे तिचे काम. २००५ मध्ये तिला तीव्र रक्तकर्करोग झाल्याचे निदान झाले. तिच्याच जोडीने काम करणारी सहकारी २००६ मध्ये त्याच रोगाने मरण पावली. ६ मार्च २००७ रोजी रुग्णालयातून घरी परतताना यू-मीने वडिलांच्या टॅक्सीच्या मागील आसनावर प्राण सोडला. ती बावीस वर्षांची होती.

जोडीने काम करणाऱ्या दोन तरुण मुलींना एकच विरळ आजार व्हावा, हा योगायोग मानण्यास वडील ह्वांग सांग-गी तयार झाले नाहीत. त्यांनी कामगार भरपाईसाठी शासकीय संस्थेकडे अर्ज केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'बानोलिम' ही संघटना आकारास आली आणि इतर कारखान्यांतील रुग्ण व त्यांचे नातेवाईक एकेक करून पुढे येऊ लागले. २००९ मध्ये अर्ज फेटाळला गेला. त्यामागील तर्क वरवर पाहता निर्दोष होता : रोगाचे कारण ठरावे इतका रसायनांचा संपर्क झाल्याचे सिद्ध होत नाही. परंतु कोणती रसायने वापरली गेली याची माहिती कंपनीच्या ताब्यात आणि पुराव्याची जबाबदारी टॅक्सीचालकावर, अशी ही वाटणी होती.

कुटुंबीय न्यायालयात गेले. दावा शासकीय संस्थेविरुद्ध होता. तथापि सॅमसंग साहाय्यक पक्षकार म्हणून त्या संस्थेच्या बाजूने उभी राहिली. २३ जून २०११ रोजी सेऊल प्रशासकीय न्यायालयाने पाचांपैकी दोन प्रकरणांत, म्हणजे यू-मी व तिच्या सहकारी मुलीच्या बाबतीत, आजार कामाशी संबंधित असल्याचे मान्य केले. वैद्यकीयदृष्ट्या कारण निर्विवाद सिद्ध झाले नसले तरी परिस्थितीवरून कार्यकारणसंबंधाचे अनुमान करता येते, ही या निर्णयाची दिशा होती. ऑगस्ट २०१४ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. उरलेल्या तिघांच्या पदरी मात्र निराशाच आली. विजयाच्या वर्णनांत ही बाब बहुधा मागे पडते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एलसीडी कारखान्यातील एका कामगाराच्या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. मालकाने वा शासनाने माहिती देण्यास नकार दिल्यामुळे संपर्काचे स्वरूप स्पष्ट होत नसेल, तर ती गोष्ट कामगाराच्या बाजूने विचारात घ्यावी, असे त्या न्यायालयाने म्हटले.

तडजोड आणि माहितीचा प्रश्न

मे २०१४ मध्ये कंपनीने प्रथमच जाहीर दिलगिरी व्यक्त करून खटल्यांतील सहभाग मागे घेण्याचे जाहीर केले. मध्यस्थ समितीने २०१५ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापण्याची शिफारस केली. कंपनीने त्याऐवजी स्वतःचीच भरपाई योजना सुरू केली. त्याविरुद्ध ऑक्टोबर २०१५ पासून सेऊलमधील कंपनीच्या इमारतीसमोर ठिय्या आंदोलन आरंभले गेले. ते १,०२३ दिवस चालले. अखेर २३ नोव्हेंबर २०१८ रोजी झालेल्या करारानुसार १९८४ पासून किमान एक वर्ष काम केलेल्यांना भरपाईसाठी पात्र ठरवण्यात आले. कमाल रक्कम १५ कोटी वॉन ठरली. आरोग्यविषयक धोक्यांचे व्यवस्थापन पुरेसे केले नाही, अशी कबुली कंपनीच्या प्रमुखाने दिली. धोक्यांमुळेच आजार झाले, असे मात्र त्या कबुलीत नव्हते.

याच वर्षी कारखान्यांतील कार्यपरिसर मोजमापाचे अहवाल खुले करण्यावरून वाद पेटला होता. श्रम मंत्रालय ते देण्यास तयार होते, तर एप्रिल २०१८ मध्ये उद्योग मंत्रालयाच्या समितीने त्यांत राष्ट्रीय महत्त्वाचे तंत्रज्ञान असल्याचा निर्वाळा दिला. २०१९ मध्ये औद्योगिक तंत्रज्ञान संरक्षण कायद्यात दुरुस्ती करून अशा तंत्रज्ञानाविषयीची माहिती उघड करण्यावर बंधने घालण्यात आली. ह्वांग सांग-गी यांनी करारावर सही केली, त्यानंतर एक वर्षही लोटले नव्हते.