जुन्या जीपला रुंद चाकं बसवताय? आधी अडॅप्टर आणि स्टडचं गणित समजून घ्या

साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या घाटात सुट्टीच्या दिवशी एखादी जुनी जीप हमखास दिसते. नवा रंग, उघडं छत आणि मडगार्डच्या बाहेर आलेली रुंद अलॉय चाकं. रीलमध्ये ती झकास दिसतात. पण अनेकदा ही चाकं मूळ अ‍ॅक्सलवर थेट बसत नाहीत. मध्ये धातूची एक जाड चकती लावावी लागते. तिलाच अडॅप्टर म्हणतात.

घाट उतरताना त्या चाकावरचा भार आणि ब्रेकचा जोर या चकतीतून आणि तिच्या स्टडमधून जातो. म्हणून ती बसवण्याआधी काही गोष्टी माहीत हव्यात.

अडॅप्टर लागतं कशाला?

महिंद्रने १९४७ पासून भारतात विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जुन्या जीपच्या चाकाला पाच स्टड असतात. पाचही स्टडच्या मध्यातून एक वर्तुळ काढलं, तर त्याचा व्यास भरतो १३९.७ मिमी, म्हणजे साडेपाच इंच. यालाच पीसीडी म्हणतात. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच अलॉय चाकांचा पीसीडी मात्र ११४.३ मिमी असतो.

अडॅप्टर हा फरक भरून काढतं. त्याची एक बाजू गाडीच्या हबला नटांनी आवळतात. दुसऱ्या बाजूच्या स्टडवर नवं चाक बसतं. पीसीडी न बदलता चाक फक्त बाहेर ढकलणाऱ्या चकतीला स्पेसर म्हणतात.

पीसीडी घरी कसा मोजायचा?

पाच स्टड असले की समोरासमोर दोन स्टड येत नाहीत. त्यामुळे सरळ टेप लावून चालत नाही. शेजारच्या दोन स्टडच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला १.७०१ ने गुणा. जुन्या जीपवर हे अंतर साधारण ८२.१ मिमी येतं. गुणाकार केला की १३९.७ मिळतात.

चाक नेमकं कशाने धरलं जातं?

चाक स्टडवर टांगलेलं असतं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो, स्प्रिंगसारखा. त्या ताणाने चाक हबवर घट्ट दाबलं जातं आणि दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणाने जागेवर राहतं. नट सैल झाला की हा दाब जातो. मग चाक सूक्ष्म हलायला लागतं आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड थोडा वाकतो. तार वाकवून वाकवून तुटते, तसाच तो एक दिवस तुटतो.

अडॅप्टर लावल्यावर असे सांधे एकाऐवजी दोन होतात. त्यातला आतला सांधा चाकामागे लपलेला असतो. बाहेरचे नट सगळे तपासतात, आतले सहसा कोणी बघत नाही. खरा धोका इथेच आहे.

बसवताना काय तपासायचं?

- हबवरची बैठक: गंज, रंग आणि ग्रीस पूर्ण साफ हवं. रंगाचा थर दबला की नट सैल होतो.
- मधलं भोक: अडॅप्टर हबच्या मधल्या गोल कडेवर नेमकं बसायला हवं. नाहीतर चाक थरथरतं.
- आट्यांची पकड: नटाची पकड किमान स्टडच्या जाडीइतकी हवी. जुन्या जीपच्या अर्ध्या इंची स्टडवर इंचाला २० आटे असतात. म्हणजे नट किमान १० पूर्ण फेरे बसला पाहिजे.
- बाहेर आलेलं टोक: हबचे मूळ स्टड अडॅप्टरच्या पुढे आले, तर चाक सपाट बसत नाही. ते चाकाच्या खोबणीत मावतात का, ते पाहा.
- नटाची बैठक: चाकाला निमुळता नट लागतो, गोल की सपाट? चुकीचा नट आवळल्यासारखा वाटतो, पण धरत नाही.
- टॉर्क रेंच: अंदाजाने पाना मारू नका. मॅन्युअलमधला आकडा पाळा आणि नट ताऱ्याच्या क्रमाने आवळा.

पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक उतरवून आतले नटही पुन्हा तपासा. साताऱ्याहून सांगलीला निघाला असाल, तर कराड हा सोयीचा थांबा आहे.

डाव्या चाकाचे आटे उलटे का?

अनेक जुन्या विलीज जीपमध्ये डाव्या बाजूच्या स्टडला उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर बहुतेकदा इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. नवख्या मुलाने सवयीने पाना फिरवला, तर नट सुटण्याऐवजी आणखी आवळतो आणि स्टड तुटतो. अडॅप्टर मागवण्याआधी दोन्ही बाजू बघून घ्या.

स्टड बदलताना हातोडा मारू नका. जुन्या जीपमध्ये ते हबमध्ये ठोकून फुलवलेले असतात. फुलवलेली कड आधी कापून मग प्रेसने स्टड काढावा लागतो. थेट ठोकला तर हबचं भोक मोठं होतं आणि नवा स्टड त्यात फिरत राहतो.

डिफरन्शियलच्या बाजूला काय होतं?

बऱ्याच जुन्या जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये शाफ्टचं टोक निमुळतं असतं. हब त्यावर चावी आणि मोठ्या नटाने धरलेला असतो. गाडीचा भारही हाच शाफ्ट पेलतो. दोन्ही बाजूंना ३० मिमीचं अडॅप्टर लावलं, तर चाकांमधलं अंतर ६० मिमीने वाढतं. चाक बाहेर गेलं की तरफेसारखा जोर वाढतो आणि बेअरिंग व शाफ्टवर जास्त ताण येतो. खड्ड्यात तो आणखी वाढतो. म्हणून आधी बेअरिंग, चावी आणि ऑइल सील तपासा. दोष असेल तर अडॅप्टरचा विचार नंतर.

किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा. या भागात चांगलं लेथकाम मिळणं अवघड नाही. पण लेथवर माप अचूक आलं तरी धातू योग्य असेलच असं नाही. भंगारातल्या प्लेटचं किंवा बिडाचं अडॅप्टर घेऊ नका.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए नुसार बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड होऊ शकतो. त्यामुळे काम करण्याआधी सातारा, कराड किंवा सांगलीच्या आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

जीप ५० वर्षांपेक्षा जुनी असेल, तर आणखी एक मुद्दा आहे. २०२१ च्या नियमांनुसार अशा गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक मिळू शकतो. पण गाडी मूळ स्वरूपात हवी आणि तिच्यात मोठे फेरबदल झालेले नसावेत.

म्हणून काढलेले मूळ स्टड, नट आणि चाकं भंगारात देऊ नका. उद्या गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची झाली, तर तीच कामी येतील.