लिबर्टी नौकावशेष

इंडोनेशियातील बाली बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर, तुलांबेन गावासमोर बुडालेले अमेरिकन लष्कराचे मालवाहू जहाज. सुमारे १२५ मी. लांबीची ही आगबोट रबर व रेल्वेचे सुटे भाग घेऊन ऑस्ट्रेलियाहून फिलिपीन्सकडे रवाना झाली असता, ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोक सामुद्रधुनीनजीक जपानी पाणबुडीच्या पाणतीराने जायबंदी झाली. एका अमेरिकन व एका डच विनाशिकेने तिला ओढत सिंगाराजा बंदरी नेण्याची शिकस्त केली, परंतु आत शिरणारे पाणी आवरेना, तेव्हा नाइलाजाने तिला तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवण्यात आले. १९६३ साली आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळी ती पुन्हा समुद्रात ढकलली गेली व काळ्या वाळूच्या उतारावर कुशीवर विसावली.

अवशेषांचा माथा पृष्ठभागाखाली काही मीटरांवरच, तर तळ सु. ३० मी. खोल असल्याने, आणि किनाऱ्यावरूनच पायी पाण्यात उतरता येत असल्याने, श्वसनयंत्र लावून बुडी घेणाऱ्या नवशिक्यालाही येथे प्रवेश सुलभ आहे. लोखंडी फासळ्यांवर प्रवाळ व स्पंज यांची दाट वस्ती झाली असून, पहाटे तेथे वावरणारे, कपाळी टेंगूळ असलेले महाकाय पोपटमासे हे या स्थळाचे खरे वैभव होय. किनाऱ्यावरील गोट्यांतून हवेच्या जड नळकांड्या डोक्यावर वाहून नेणाऱ्या स्थानिक स्त्रियांच्या श्रमांवर हा सारा व्यवहार उभा आहे, याचा उल्लेख अगत्याने केला पाहिजे.

तळाशी दाब पृष्ठभागाच्या चौपट असून श्वासाची हवाही त्याच प्रमाणात लवकर सरते. म्हणून गंजलेल्या दालनांत अनुभवी वाटाड्याविना शिरू नये.