हिरो बसला की काय?

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि आपली पुणेरी पलटण आठ संघांत आठवी आली. २०१५ ला परत आठवी! (त्या वर्षी कप यू मुम्बाने नेला. ऑफिसातल्या मुंबईकरांनी आमचं काय केलं असेल ते विचारू नका.)

ढेपाळलेला संघ हाती आला की कोचला पहिला मोह होतो तो आक्रमणाचा. बास्केटबॉलमधलं गाजलेलं उदाहरण म्हणजे १९९०-९१ चे डेन्व्हर नगेट्स. कोच पॉल वेस्टहेडचं लॉजिक सोपं होतं, बॉल हातात आला की पळत सुटा आणि काही सेकंदांत शॉट मारा. सामन्याला सरासरी जवळपास १२० गुण केले. दिले मात्र १३० च्या वर! ८२ पैकी ६२ सामने हरले.

कबड्डीत हा हिशोब अजून कडक. बास्केटबॉलमध्ये शॉट हुकला तरी मैदानात माणसं पाचच राहतात. इथे चढाईपटू पकडला गेला की तो बाहेर, आणि पुढची चढाई अडवायला एक माणूस कमी. आमच्या भंडारा जिल्ह्यात, साकोली-लाखनीकडच्या गावांतल्या सामन्यांत, हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. गावाचा एक हिरो असतो. त्याला एकदा बसवला की समोरचे निवांत रिकाम्या चढाया करतात, कारण त्यांचा कोणी बाद झाला तरच हिरो परत येणार ना! प्रो कबड्डीत असा टाइमपास फार चालत नाही. दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटूच बाद. म्हणजे भरवशाचे तीन-चार तरी हवेत. आमच्या भाषेत, एका सर्व्हरवर अख्खी सिस्टिम चालवायची नसते.

कोच बी. सी. रमेश यांच्या पलटणने नेमकं हेच केलं. अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे यांनी चढाया वाटून घेतल्या. दहाव्या हंगामात सर्वाधिक चढाई-गुण दिल्लीच्या आशू मलिकचे होते, २७६. पुण्याचा एकही जण २०० पर्यंत गेला नाही, तरी साखळीत २२ पैकी फक्त २ सामने हरले! अर्थात मागे २.३५ कोटींना घेतलेला इराणी मोहम्मदरेझा शादलू उभा होता, हे विसरून चालणार नाही. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं विजेतेपद.

पुढच्याच हंगामात अस्लम जखमी झाला आणि पलटण प्लेऑफपर्यंतही पोचली नाही. शादलू तोवर हरियाणाकडे गेला होता. २९ डिसेंबर २०२४ ला हरियाणाने कप उचलला, तोही आमच्या बालेवाडीत.