चुकीच्या तळावरचा लेझर

सेमीकंडक्टर लेझर म्हणजे एकावर एक चढवलेले स्फटिकांचे अतिपातळ थर. इंजिनीअरिंगला असताना त्याबद्दलचा एक नियम आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता: थर आणि त्याखालचा तळ यांच्यातली अणूंची अंतरं जुळायला हवीत. नाही जुळली, तर थरात दोषरेषा पडतात, आणि तिथे विजेतून प्रकाश निघण्याऐवजी नुसती उष्णता निघते. निळ्या लेझरची गोष्ट मात्र या नियमाला धरून घडली नाही.

नियम पाळणाऱ्यांच्या हातात झिंक सेलेनाइड होतं. गॅलियम आर्सेनाइडच्या तळाशी त्याची तफावत जेमतेम पाव टक्का. १९९१मध्ये अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीच्या संशोधकांनी त्यातून निळा-हिरवा लेझर काढून दाखवला. शर्यत संपली, असं कोणालाही वाटलं असतं.

दुसरा उमेदवार गॅलियम नायट्राइड. सिलिकॉनसारखं वितळवून त्याचा मोठा स्फटिक ओढता येत नाही. त्यासाठी प्रचंड तापमान आणि नायट्रोजनचा अवाढव्य दाब लागतो. म्हणजे स्वतःचा तळच नाही. म्हणून १९६९मध्ये आरसीएच्या प्रयोगशाळेत हर्बर्ट मारुस्का यांनी तो सफायरवर वाढवला. सफायर हजार अंशांच्या वरची भट्टी आणि अमोनिया दोन्ही सोसतं. पण तफावत? सुमारे १६ टक्के!

पुढे नागोयात इसामू अकासाकी यांचा विद्यार्थी हिरोशी अमानो वर्षानुवर्षं असेच खडबडीत, तडकलेले थर काढत होता. १९८५मध्ये एके दिवशी भट्टी बिघडली, नेहमीचं तापमान गाठेना. तेव्हा त्याने कमी तापमानालाच अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं. ओबडधोबड जमिनीवर आधी सतरंजी अंथरावी, तसं. थर काचेसारखा नितळ निघाला. (बिघडलेल्या सर्व्हरने माझ्यावर एवढी कृपा अजून केलेली नाही.)

तरीही दर चौरस सेंटिमीटरला कोट्यवधी दोषरेषा उरल्याच. पण गॅलियम नायट्राइडचे बंध इतके पक्के, की त्या जागच्या हलत नाहीत. झिंक सेलेनाइडमध्ये दोष मोजकेच, पण वीज वाहू लागली की ते पसरत जातात. कितीही झटून त्या लेझरचं आयुष्य काहीशे तासांपुढे गेलं नाही.

निचिया या तोकुशिमा प्रांतातल्या कंपनीत शुजी नाकामुरा यांनी सफायरवरच १९९३मध्ये झगझगीत निळा एलईडी आणला आणि १९९५च्या अखेरीस जांभळट लेझर. इथे मात्र जुना नियम परतला. लेझरमधून एलईडीपेक्षा कितीतरी दाट वीज जाते, आणि तिथे दोषरेषा नडतात. नाकामुरांच्या चमूने सफायरवरच्या थरावर सिलिकाच्या पट्ट्या ओढल्या. पट्ट्यांच्या फटींतून वर आलेलं गॅलियम नायट्राइड आडवं पसरलं, आणि पट्ट्यांखालच्या दोषरेषा तिथेच अडकल्या. १९९७मध्ये लेझरच्या अंदाजित आयुष्याने १० हजार तास गाठले. पुढे गॅलियम नायट्राइडच्याच चकत्या बनू लागल्या, आणि लेझरपुरतं सफायर पायउतार झालं. एलईडी बल्बमध्ये ते आजही आहे.